चामड्याचे जाकीट बिघडले : दुरुस्ती करावी की परत पाठवावे?

गेल्या काही वर्षांत कापडाच्या आणि रेडिमेडच्या दुकानांतून एक नवा माल दिसू लागला आहे. मोटारसायकल चालविणाऱ्यांची चामड्याची जाकिटे, पँट, हातमोजे आणि क्वचित शर्यतीचा अखंड सूट असा हा माल आहे. पूर्वी ही मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींची चैन होती. आता तालुक्याच्या गावातील तरुणही मित्रांबरोबर गोव्याला किंवा लडाखला मोटारसायकलवर जातो आणि जाण्यापूर्वी जाकीट मागतो. हा माल धारावी, कानपूरचे जाजमऊ, कोलकाता, तसेच तामिळनाडूतील राणीपेट, आंबूर व वाणियंबाडी या भागांतील चामड्यावर आणि कारागिरीवर उभा आहे. कातडे कमावण्यापासून शिवणीपर्यंत या धंद्यात आपले बंधू मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे माल बिघडला आणि वाद झाला, तर पुष्कळदा वादाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे असतात.

हा लेख लिहिण्याचे कारण असे की, या मालाच्या बाबतीत बहुतेक दुकानदार एकच चूक करतात. माल बिघडला की आधी सुईदोरा शोधतात आणि मग पुरवठादाराला फोन करतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी ऐब कोणाचा आणि कधीचा हे ठरवावे, मग समोरच्याला कळवावे आणि त्यानंतरच दुरुस्ती की वापसी याचा निर्णय घ्यावा. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सांगतो.

माझा मूळ धंदा कापडाचा. तीन वर्षांपूर्वी मी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून २४ जाकिटे आणली. त्यांतील सहा जाकिटांची कोपराजवळची शिवण उसवलेली होती. परत पाठविण्याचा खर्च आणि कटकट नको, म्हणून मी ती गावातच शिवून घेतली आणि बाकीच्या मालाबरोबर पूर्ण भावाने विकली. गिऱ्हाइकाला काही सांगितले नाही. चार महिन्यांनी त्यांतील एक जाकीट घातलेला कॉलेजचा मुलगा घाटात घसरून पडला. कोपराची शिवण उघडली, आतला पॅड सरकला आणि कोपर सोलून निघाले. अल्लाहच्या कृपेने हाड वाचले. मुलाचे वडील जाकीट घेऊन दुकानात आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "शेठ, हे आधी शिवलेले होते का?" मी हो म्हणालो. औषधपाण्याचा खर्च दिला, जाकिटाचे पैसे परत केले. घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो तर त्याने एका वाक्यात विषय संपविला : "तुम्ही मालाला हात लावला, आता आमची जबाबदारी नाही." तो गोड बोलला नाही, पण चुकीचेही बोलला नाही.

शरीअतचा दृष्टिकोन

फिकहच्या ग्रंथांत या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याला 'खियारे ऐब' म्हणतात, म्हणजे मालात दोष निघाल्यास सौदा ठेवावा की मोडावा हे निवडण्याचा खरेदीदाराचा हक्क. त्याचा गाभा एका प्रश्नात आहे : दोष विकणाऱ्याच्या ताब्यात असतानाचा आहे की खरेदीदाराकडे आल्यानंतरचा? जुना ऐब असेल तर खरेदीदाराला माल परत करता येतो. नवा ऐब असेल तर त्याचे नुकसान खरेदीदाराचेच.

हनफी फिकहप्रमाणे, केवळ जुना ऐब असेल तर खरेदीदाराने माल परत करावा किंवा ठरलेल्या पूर्ण किमतीत ठेवावा. माल ठेवून जबरदस्तीने पैसे कापता येत नाहीत. दोघांनी राजीखुशीने तडजोड केली तर गोष्ट वेगळी. मात्र मालात जुना ऐब असताना खरेदीदाराकडे नवा ऐबही निर्माण झाला, तर तो माल विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. अशा वेळी खरेदीदाराला फक्त जुन्या ऐबापुरती भरपाई मिळते. आपण कापडवाल्यांना हे चांगले ठाऊक असते, कारण फुकहा याचे उदाहरण कापडाचेच देतात. कापड घेतले, कापले आणि मग ऐब दिसला, तर भरपाई घ्यावी. विकणारा कापलेले कापड परत घेण्यास राजी असेल तर तो त्याचा अधिकार आहे.

भरपाईचा हिशेब असा करतात. समजा, निर्दोष जाकिटाची बाजारात किंमत ४,००० रुपये आहे आणि ऐबासह तेच ३,२०० रुपयांना जाते. म्हणजे ऐबामुळे किंमत एक पंचमांशाने उतरली. आपण ते ३,००० रुपयांना घेतले असेल, तर त्याचा एक पंचमांश, म्हणजे ६०० रुपये परत मिळावेत.

आणखी एक गोष्ट. ऐब कळल्यानंतरही खरेदीदार तो माल वापरत राहिला किंवा विकण्यास ठेवला, तर त्याने ऐब कबूल केला असे समजतात आणि परत करण्याचा हक्क जातो. माझ्या सहा जाकिटांचे हेच झाले. बारकाव्यांत मसलकांचे मतभेद आहेत. कोकणातील आपले शाफई बंधू आणि इतर यांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

देशाचा कायदा काय म्हणतो?

दुकानदार आणि पुरवठादार यांच्यातील सौद्याला मालविक्री कायदा, १९३० लागू होतो. त्यातील काही कलमे प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावीत. कलम १५ प्रमाणे माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. 'अस्सल चामडे' लिहून रेक्झीन पाठविले तर येथेच भंग होतो. कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल नमुन्यासारखाच निघाला पाहिजे. कलम ४१ प्रमाणे खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे.

कलम ४२ सर्वांत महत्त्वाचे आहे. माल मिळाल्यावर खरेदीदाराने तो स्वतःचा असल्यासारखा वापरला, किंवा नापसंती न कळविता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. स्वीकारल्यानंतर साधारणतः माल नाकारता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. शेकडो वर्षांपूर्वीच्या फिकहने आणि १९३० च्या कायद्याने या जागी जवळजवळ एकच वाट धरली आहे. कलम ४३ प्रमाणे, हक्काने नाकारलेला माल स्वखर्चाने पोहोचविण्याचे बंधन खरेदीदारावर नसते. वेगळे काही ठरले नसेल तर नाकारल्याचे कळविणे पुरेसे असते. म्हणून 'परत पाठविण्याचा खर्च कोण करणार' या भीतीने गप्प बसू नये.

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ येतो. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. जाकीट अंगावर घालणारा ठरतो. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीवर सदोष मालाच्या बाबतीत विसंबू नये.

याच कायद्याचे कलम ८६ सदोष मालाने इजा झाल्यास विक्रेता केव्हा जबाबदार धरला जातो ते सांगते. विक्रेत्याने मालात फेरफार केला आणि तो फेरफार इजेचे मुख्य कारण ठरला, किंवा विक्रेत्याने स्वतःची वेगळी हमी दिली, किंवा मालाची तपासणी करण्यात वाजवी काळजी घेतली नाही, तर तो जबाबदार ठरू शकतो. बनविणाराच माहीत नसेल, तरीही विक्रेताच सापडतो. म्हणजे बिनलेबलचा, बिनबिलाचा स्वस्त माल घेणारा दुकानदार कारखानदाराचीही जबाबदारी आपल्या डोक्यावर घेत असतो.

ऐब ओळखावा कसा?

कारखान्याच्या ऐबाची चिन्हे बहुधा अशी असतात :

(१) शिवण सुटली आहे, पण धागा झिजलेला नाही आणि भोवतालच्या चामड्यावर ओरखडा नाही. शिवणीचे टोक पक्के केलेले नसते किंवा टाका सैल असतो.

(२) चामडे शिवणीच्या भोकांच्या रेषेतच फाटले आहे. टाके फार जवळजवळ घातले की चामड्याची कड टपाल तिकिटासारखी होते आणि तशीच फाटते. कापडात टाका जवळ घातला तर शिवण मजबूत होते. चामड्यात उलटे घडते. आपल्या शिंपी बंधूंची येथेच फसगत होते.

(३) वरचा रंग पापुद्रा होऊन निघतो आणि खाली कापड दिसते. हे अस्सल चामडे नव्हेच. रेक्झीन किंवा चामड्याचा भुसा चिकटवून केलेला माल असतो.

(४) एक बाही ताणली जाते, दुसरी नाही. एका बाहीला जनावराच्या पोटाकडचे सैल कातडे वापरलेले असते.

(५) जाडी कमी आहे. शर्यतीच्या सुटाला साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचे चामडे वापरतात. फॅशनचे जाकीट १ मिलिमीटरच्या आत असते. फॅशनचे जाकीट 'रायडिंग जाकीट' म्हणून विकणे हाच मोठा ऐब आहे.

वापराच्या नुकसानीची चिन्हे वेगळी असतात. एका दिशेने गेलेले ओरखडे आणि वरून झिजलेला धागा ही पडल्याची खूण. पँटच्या पायावर कडक, आखडलेला डाग म्हणजे सायलेन्सरचा चटका. सगळे जाकीट आखडून ठिसूळ झाले असेल तर ते भिजवून उन्हात वाळविलेले असते. रंग पुसट आणि चामडे कोरडे पडले असेल तर बहुधा पेट्रोलने पुसलेले असते. अशा नुकसानीला सर्वसाधारण वॉरंटी लागू होत नाही, कारण ती फक्त कच्चा माल आणि कारागिरी यांच्या दोषांसाठी असते. बुरशीचे प्रकरण मधले आहे. खोके उघडताच बुरशी दिसली तर ती आपली नव्हे. महिनाभर गोदामात ठेवल्यावर दिसली तर आपली. म्हणून माल आला त्याच दिवशी खोके उघडावे.

एक खास बाब आपल्या लोकांसाठी. काही परदेशी बनावटीच्या मालात डुकराचे चामडे वापरलेले असते. त्याची केसांची छिद्रे तीन-तीनच्या त्रिकोणी गटांत दिसतात. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत हे चामडे कमावल्यानेही पाक होत नाही. माल घेताना, आणि दुरुस्तीसाठी चामड्याचा तुकडा घेतानाही, कशाचे आहे ते स्पष्ट विचारावे.

परत पाठवायचे असेल तर

माल मिळताच प्रत्येक नग तपासावा. ऐब असलेला नग लेबलासह वेगळा ठेवावा. अंगात घालू नये, पुसू नये, एक टाकाही घालू नये. ऐबाचे जवळून आणि दुरून असे दोन फोटो काढून बिल नंबरासह त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आणि लेखी कळवावे. नुसत्या फोनवर भागवू नये. आपली मागणी एकच आणि स्पष्ट असावी : बदली माल, पैसे परत, किंवा त्यांच्या खर्चाने दुरुस्ती. पुरवठादार 'तिकडेच शिवून घ्या, खर्च मी देतो' म्हणाला, तर ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. असे लिहिलेले असेल तर दुरुस्तीमुळे आपला हक्क बुडाला असे त्याला सहसा म्हणता येणार नाही. मला फक्त एवढा एक कागद हवा होता.

जीएसटीचा हिशेबही सरळ ठेवावा. माल परत झाला तर पुरवठादाराने क्रेडिट नोट द्यावयाची असते. पुरवठ्याचे आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले असेल तर त्या तारखेपर्यंत, तिच्यावर कराची वजावट मिळते. केवळ दुरुस्तीसाठी माल पाठविणे ही विक्री नव्हे. तो डिलिव्हरी चलनावर पाठवावा.

दुरुस्ती करायची असेल तर

पडून झालेले नुकसान किंवा मुदत संपल्यानंतरचा बिघाड यांना दुरुस्ती हाच मार्ग आहे. हे काम ज्याच्याकडे चामडे ओढणारी जड मशीन आहे त्यालाच द्यावे. लहान गावात मोटारीचे सीट कव्हर शिवणारे किंवा बॅगा बनविणारे कारागीर हे काम करू शकतात. साध्या घरगुती मशीनवर ते होत नाही. कारागीर बंधूंनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, चामड्याला पडलेले भोक पुन्हा भरत नाही. म्हणून उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून घालावी. शेजारी नवी रांग घातली की कड कमजोर होते. भोके फाटली असतील तर मागून चामड्याची पट्टी देऊन शिवावे.

दुसरी गोष्ट धाग्याची. सुती धागा घामाने आणि पावसाने कुजतो. जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचाच धागा वापरावा. माझ्या सहा जाकिटांना साधा धागा घातला होता, तोही एकेरी.

तिसरी गोष्ट जागेची. पडल्यावर खांदा, कोपर, कंबरेची बाजू आणि गुडघा प्रथम जमिनीला लागतात. या जागी वरून ठिगळ लावू नये. ठिगळाचा उघडा धागा रस्त्यावर पहिल्याच घासणीत जातो आणि ठिगळ निघते. येथे शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग काढून त्याच जाडीचे नवे चामडे घालावे आणि शिवण दुहेरी घालावी. पाठीच्या वरच्या भागात किंवा खिशाजवळ लहान ठिगळ चालते.

चौथी गोष्ट, अस्तर उसवून आतून पाहावे. बाहेरून जाकीट ठीक दिसते, पण आतला धागा तुटलेला असतो. मार बसलेला पॅड दबलेला किंवा तडकलेला असेल तर तो बदलावा. फक्त सोल्युशनने चिकटवून वरून पॉलिश मारणे ही दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक आहे.

पाचवी गोष्ट सचोटीची. काम घेताना विचारावे, "वॉरंटी शिल्लक आहे का?" असेल तर गिऱ्हाइकाला आधी दुकानदाराकडे पाठवावे. ३०० रुपयांचे काम हातचे जाईल, पण माणूस कायमचा जोडला जाईल. काम केले तर चिठ्ठीवर काय बदलले आणि काय बदलता आले नाही, हे दोन्ही लिहावे.

काही वेळा मात्र दुरुस्ती आणि वापसी दोन्हीचा उपयोग नसतो. चामडे बोटाने दुमडताच तडकत असेल, किंवा कोपर-खांद्याची झीज अस्तरापर्यंत गेली असून नवा भाग शिवण्याइतकी आजूबाजूची कड मजबूत राहिली नसेल, तर ते जाकीट रस्त्यावर घालण्याच्या लायकीचे नाही. त्याच्या चामड्यातून पाकिटे किंवा पट्टे करता येतील, पण पुन्हा जाकीट म्हणून विकू नये.

दुरुस्त केलेला माल विकताना

दुरुस्त केलेला माल विकणे हराम नाही. लपवून विकणे वाईट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावण्यात आले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मीही ऐकली होती. तरी सहा जाकिटांची ओली बाजू मी ढिगाच्या खाली ठेवली.

आता माझ्या दुकानात दुरुस्त केलेला नग वेगळ्या खणात असतो. त्यावर चिठ्ठी असते, भाव कमी असतो आणि बिलावर 'दुरुस्त केलेला, कोपराची शिवण' असे लिहिलेले असते. गिऱ्हाईक पाहतो, विचारतो आणि घ्यायचे तर घेतो. दोन पैसे कमी मिळतात, पण रात्री झोप लागते.

पावसाळ्यासाठी दोन शब्द. चामड्याचा माल प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये, सुती कापडात ठेवावा आणि रुंद हँगरवर टांगावा. भिजलेले जाकीट सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. बुरशी आली तर दुकानाबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावी आणि पूर्ण वाळल्यावर चामड्याचे क्रीम हलक्या हाताने लावावे. इतकी काळजी घेतली तरी निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी एक गोष्ट मनात ठेवावी. साडी उसवली तर गिऱ्हाईक नाराज होते. हे जाकीट उसवले तर कोणाच्या तरी मुलाची कातडी जाते. तो मुलगा आपल्यावर विश्वास ठेवून ते अंगावर चढवितो. हीसुद्धा अमानतच आहे. अल्लाह आपल्या सर्वांना ती सांभाळण्याची बुद्धी देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.